रिक्षाच्या टायरांवरची ट्रेलर डॉली : अरुंद पार्किंगमध्ये बोट लावण्यासाठी कितपत उपयोगी?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशनच्या कारखान्याकडून आम्ही बोटीच्या ट्रेलरसाठी हाताने ओढायची डॉली बनवून घेतली. दोन चाके, चार फुटी पोलादी पाइपचा दांडा, टोकाला आडवी मूठ आणि चाकांच्या वर उभ्या खांबावर बसवलेला ५० मिलिमीटरचा बॉल, एवढीच तिची रचना आहे. ट्रेलर गाडीपासून सोडायचा, त्याचा कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची खोबण, या बॉलवर बसवायचा आणि माणसांनी तो ढकलत किंवा ओढत जागेवर न्यायचा, हे तिचे काम. साडेनऊ हजार रुपये आणि वर जीएसटी अशी किंमत पडली. दोन पावसाळे आणि मधला उन्हाळा ती वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

पैठणमध्ये बोट घरात कशाला ठेवायची, असा प्रश्न बाहेरगावच्या वाचकाला पडेल. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरलेला असतो तेव्हा पाणी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांच्या पातळीला टेकते, पण उतार अतिशय सपाट असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी काठापासून फार दूर जाते आणि काठावर बांधून ठेवलेली बोट भेगाळलेल्या गाळात उभी राहते. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात फायबरचा रंग उडतो, पृष्ठभागाला बारीक तडे जातात आणि इंजिन काठावर सोडून झोप येणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. शिवाय आमची बोट मासेमारीइतकीच पुराच्या वेळी लोक बाहेर काढण्यासाठी वापरली जाते. २००६ च्या पुरात पैठण शहरात पाणी शिरले होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना बोट ट्रेलरवर, तयार आणि हाताशी का असावी लागते, हे समजावून सांगावे लागत नाही.

अडचण आहे ती घराच्या जागेची. समोरची गल्ली १५ फूट रुंद, फाटक १० फूट, आत शहाबादी फरशीचे पार्किंग आणि बोट चढवलेला ट्रेलर दांड्यासह १८ फूट. बोलेरोची लांबी जवळपास चार मीटर, म्हणजे १३ फूट. दोन्ही मिळून ३१ फुटांची लांबण अशा गल्लीत काटकोनात वळवून मागे घेणे केवळ चालकाच्या कौशल्याने साधणारे नाही. आपल्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या आवारात सफाईने वावरणारे ट्रॅक्टरचालक आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाने आमच्या ट्रेलरवर हात साफ करूनही पाहिला. परंतु लहान ट्रेलर मोठ्या ट्रॉलीपेक्षा उलट अवघड असतो: कपलर ते ॲक्सल (चाकांचा आस) हे अंतर जितके कमी, तितका ट्रेलर स्टेअरिंगला लवकर उत्तर देतो आणि तितक्याच लवकर गाडीशी काटकोन करून अडकतो. स्टेअरिंगचा खालचा भाग हातात धरून, ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्यायचा, ही जुनी युक्ती मोकळ्या मैदानात उत्तम चालते. गल्लीत मात्र गाडीचे नाक समोरच्या भिंतीला आधीच टेकलेले असते, त्यामुळे युक्तीचा उपयोग करायला जागाच उरत नाही.

डॉलीचा खरा फायदा इथे दिसतो. गाडी बाजूला गेली की हिशेबात फक्त ट्रेलर उरतो, आणि हाताने फिरवलेला ट्रेलर जवळजवळ स्वतःच्या ॲक्सलभोवती वळतो. आमच्या ट्रेलरचा ॲक्सल मागच्या टोकापासून ७ फुटांवर आणि कपलरपासून ११ फुटांवर आहे. बोट तिरकी करून मागचा भाग फाटकात घ्यायचा, ॲक्सल फाटकाच्या रेषेत आला की थांबायचे आणि मग पुढचा दांडा गल्लीतल्या गल्लीत फिरवून ट्रेलर सरळ करायचा. दांड्याला लागणारे ११ फूट १५ फुटी गल्लीत मावतात, आणि उरलेल्या चार फुटांत डॉलीची मूठ व धरणारा माणूस कसाबसा बसतो. तिथेही अडचण झालीच तर डॉली बॉलवर मोकळी फिरत असल्यामुळे मूठ आडवी वळवून बाजूने ओढता येते. गाडीच्या हुकाला ही सोय कधीच नसते. बोट मागच्या बाजूने आत जात असल्याने दांडा फाटकाकडे राहतो, आणि रात्री अपरात्री निरोप आला तर गाडी आणून थेट जोडता येते. माझ्या मते हा फायदा जागेच्या बचतीपेक्षाही मोठा आहे.

एका गोष्टीकडे मात्र सतत लक्ष ठेवावे लागते. दांडा डावीकडे नेला की ॲक्सलच्या मागचा भाग उजवीकडे झुकतो, आणि तो भाग ७ फुटांचा असल्याने टोकाला होणारी हालचाल पुढून ओढणाऱ्याला वाटते त्यापेक्षा बरीच अधिक असते. त्या टोकाला इंजिनाचा पंखा असतो. म्हणून इंजिन वर उचलून आधारावर पक्के करावे आणि मागे एक माणूस उभा करावा, ज्याचे काम ढकलणे नसून केवळ पाहणे आणि ‘थांबा’ म्हणणे हे असेल. आमच्याकडे ही जबाबदारी पुतणीने घेतली आहे आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

बांधणीबद्दल बोलायचे तर चाकांची निवड मला फार आवडली. कारखान्याने ४.०० बाय ८ मापाचे, म्हणजे रिक्षाला लागतात ते टायर बसवले आहेत. ज्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजचा कारखाना उभा आहे, तिथल्या कारागिराला हे माप सुचणे स्वाभाविकच म्हणायचे. पण त्याचा व्यवहारी फायदा असा की ट्यूब, टायर आणि पंक्चर काढणारा माणूस मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सापडतो. ट्रेलरच्या दांड्याखाली जे लहान जॉकी व्हील येते, त्याचे कडक रबराचे चाक काळ्या मातीत रुतते आणि फरशीच्या सांध्यात अडकते. हे रुंद, हवेचे टायर दोन्हींवरून निमूट जातात.

बॉलची जागा मात्र कारखान्याने चुकवली आहे. तो चाकांच्या ॲक्सलच्या बरोबर वर न ठेवता काही इंच ट्रेलरच्या बाजूला वेल्ड केला आहे. आमच्या ट्रेलरच्या कपलरवर साधारण ४० किलोचा भार येतो; तो ॲक्सलच्या पुढे पडला की डॉलीची मूठ आपोआप वर उठू पाहते. जोराने ढकलताना ती तशीही वर उचलली जातेच, कारण आपला हात बॉलपेक्षा उंचावर असतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ढकलणाऱ्याचा निम्मा जोर मूठ खाली दाबून धरण्यातच जातो. बॉल ॲक्सलच्या वर किंवा किंचित मुठीच्या बाजूला असता, तर हा त्रास बराच कमी झाला असता. उंची बदलण्यासाठी खांबाला भोके आणि पिन दिली आहे, हे चांगले; पण बॉल पुढे-मागे सरकवण्याची कोणतीच सोय नाही. याबद्दल फोनवर विचारल्यावर ‘सगळ्यांना असंच देतो’ एवढेच उत्तर मिळाले, आणि ते समाधानकारक नव्हते.

कपलरवरचा भारही ज्याने त्याने आधी मोजून घ्यावा. साधा घरगुती वजनकाटा, त्यावर एक ठोकळा आणि ठोकळ्यावर कपलर, एवढ्यात तो कळतो. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार बरा. पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे ठेवले की तो वाढतो. उलट तो फारच कमी असेल, तर गाडीपासून सोडताच ट्रेलर मागे कलंडून इंजिन जमिनीवर आपटण्याची भीती असते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो विक्रेते सांगत नाहीत. डॉली घ्यावी की नाही, हे ट्रेलरच्या वजनावर कमी आणि पार्किंगच्या चढावर जास्त ठरते. आमची १४ फुटी फायबर बोट, २५ अश्वशक्तीचे इंजिन, इंधन आणि ट्रेलर मिळून सुमारे ४८० किलो होतात. सपाट, टणक फरशीवर हवा नीट भरलेल्या टायरांवर हे ओझे चालते ठेवायला साधारण १० किलोइतका जोर पुरतो, सुरुवातीला त्याच्या दुप्पट. हे काम एक धडधाकट माणूसही करील. पण दहा फुटांत एक फूट असा चढ आला की त्यात ४८ किलोंची भर पडते. मराठवाड्यातील गावांत जोते उंच ठेवून फाटकासमोर सहा फुटांत एक फूट चढवलेला उतार सर्रास दिसतो, आणि तिथे हीच भर ८० किलोंवर जाते. ओल्या शहाबादी फरशीवर चपलेचा पाय घसरत असताना दोन माणसांनी एवढा जोर सतत लावणे अशक्य नसले तरी शहाणपणाचे नाही, कारण हात सुटला तर ४८० किलोंचे ओझे थेट गल्लीत उतरते आणि या डॉलीला ब्रेक नाही.

आमचा चढ दहाला एक असा आहे. त्यावर आम्ही हाताची विंच, म्हणजे तार गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र, बसवून घेतली, आणि माझे मत असे की चढ असलेल्या घरात डॉली आणि विंच हा एकच खर्च समजावा. विंच पार्किंगच्या मागच्या बाजूच्या आरसीसी कॉलमला बांधावी, विटांच्या भिंतीत खिळलेल्या हुकाला नव्हे. तार ट्रेलरच्या चौकटीला जोडलेल्या कप्पीतून फिरवून पुन्हा कॉलमकडे आणली की लागणारा जोर निम्मा होतो, अर्थात तार दुप्पट गुंडाळावी लागते. ट्रेलरवर पुढे असणारी विंच बोट ट्रेलरवर चढवण्यासाठी असते. तिच्यावर हे काम टाकू नये. विंच ओढ देते आणि डॉली दिशा देते, अशी वाटणी केली म्हणजे मूठ उठण्याचा त्रासही जवळपास संपतो. एक माणूस लाकडी ठोकळे घेऊन ट्रेलरच्या चाकांमागे ते सरकवत राहतो, मात्र तो चाकाच्या बाजूला उभा असावा. उताराच्या खालच्या बाजूला, ट्रेलरच्या वाटेत, कोणीही थांबू नये.

फाटक सरकते असेल तर जमिनीतला रूळ हीही एक अडचण असते. ट्रेलरची चाके तो सहज ओलांडतात, डॉलीची चाके तिरकी आली तर अडतात आणि मूठ झटका मारते. रुळाच्या दोन्ही बाजूंना पट्टी टाकून घेतल्यास प्रश्न मिटतो. नालीवरच्या ढाप्याची जाडीही पाहून घ्यावी, कारण जो ढापा मोटारसायकलसाठी टाकला आहे तो ट्रेलरचे एक चाक झेलेलच असे नाही.

इतर पर्यायांपैकी गाडीच्या पुढच्या बंपरखाली, चौकटीला हूक लावून ट्रेलर पुढून ढकलत नेणे हा स्वस्त आणि खरोखर चांगला मार्ग आहे, कारण चालकाला ट्रेलर समोर दिसतो आणि वळणारी चाके हुकाच्या जवळ असतात. गल्ली २५ फुटांच्या वर असेल तर मी डॉलीऐवजी तेच सुचवीन. बॅटरीवर चालणारे ट्रेलर मूव्हर आयात करून मिळतात, पण बिघडल्यास सुटे भाग आणि कारागीर दोन्ही इथे शोधत बसावे लागतात. ट्रेलरचा दांडा बिजागरीवर दुमडणारा करून घेतला तर ट्रेलर आत उभा असताना दीड-दोन फूट वाचतात आणि ज्यांचे फाटक जेमतेम बंद होते त्यांना ते फार मोलाचे वाटेल. ट्रेलर फिरवण्याच्या कामात मात्र त्याची मदत होत नाही.

डॉलीचा रंग पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांवर फुगला, बेअरिंगला ग्रीस भरायला निपल नाही आणि मुठीवरचे रबर उन्हाने चिकट झाले. या किमतीत मी या गोष्टींची फारशी तक्रार करणार नाही. सपाट पार्किंग आणि अरुंद गल्ली असलेल्या घराला ही डॉली घ्यावी असे मी निःशंकपणे सांगेन. सहाला एक चढ असलेल्या घराने आधी उतार लांबवून घ्यावा. बनवायला देताना तीन गोष्टी कारखानदाराकडून लिहून घ्याव्यात: बॉल ॲक्सलच्या वर हवा, निदान एका चाकाला हाताचा ब्रेक हवा, आणि बॉलचे माप आपल्या कपलरवर कोरलेल्या मापाशी जुळायला हवे, कारण ५० मिलिमीटरच्या कपलरखाली त्याहून लहान बॉल दिला तर तो सपाट जागेवर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या धक्क्याला सुटतो.