डोंगराची जमीन: रान राखावं, तोडावं, काजू लावावा की रबर? मातीच्या बाजूने एक हिशेब

तळकोकणात वडिलोपार्जित दोन-चार एकर वरकस (भाताला न चालणारा, हलक्या जमिनीचा) डोंगर नावावर असला, की मे महिन्यात गावी गेल्यावर गिऱ्हाइकं आपणहून दारात येतात. एक उभं रान विकत घेणारा तोडीचा कंत्राटदार, दुसरा काजूची कलमं आणि जेसीबी दोन्ही लावून देणारा, आणि सावंतवाडी-दोडामार्गकडे असाल तर रबरासाठी जमीन विचारणारा. रान आहे तसं राखा, असं सांगायला कोणी येत नाही. त्यात कोणाचं कमिशन नसतं. पैशाचा हिशेब या सगळ्यांना तोंडपाठ असतो, म्हणून इथे मातीचा मांडतो.

जांभ्यावरची आपली तांबडी माती आम्लधर्मी, लोह-ॲल्युमिनियमने भरलेली. स्फुरद टाकलं तर ते धरून बसते, झाडाला सुखासुखी देत नाही. तिच्यातली चिकणमाती खतपाणी धरून ठेवायला कमजोर. ते काम करतात सेंद्रिय पदार्थ, आणि ते जवळजवळ सगळे वरच्या वीतभर थरात असतात. हा थर पातेऱ्यातून, म्हणजे गळून कुजत पडलेल्या पानांतून, बनतो. तो गेला की खाली मुरूम, आणि मुरमावर खताच्या गोणी रिकाम्या करत बसायचं.

मृदा पत्रिकेवर, म्हणजे माती तपासणीच्या अहवालावर, मात्र विसंबू नका. सेंद्रिय कर्ब 1 टक्क्याच्या वर गेला की आपल्याकडच्या वर्गवारीत तो ‘अत्यंत भरपूर’ ठरतो. देशावरच्या शेताला ही फूटपट्टी ठीक आहे. कोकणातल्या डोंगरावर रान तोडल्यावरही काही वर्षं तो आकडा भरपूरच दिसू शकतो. जुन्या शिल्लकीवर घर चाललेलं असतं.

त्यात पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यामागचा एक धागा अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा आहे. 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, आणि 22 तारखेलाच महाडमधलं तळिये दरडीखाली गेलं. जंगल असलं म्हणजे दरड येतच नाही, असं नाही. पण असा पाऊस उघड्या उतारावर पडणं आणि पातेऱ्यावर पडणं यात फार फरक आहे. म्हणून कुठल्याही पर्यायाला माझा पहिला प्रश्न एकच: मृगाच्या पहिल्या सरीला जमीन झाकलेली असेल का?

रान राखलं तर असते. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ यांच्या रानात दिवाळीच्या सुमारास पातेरा हाताने उकरून पाहा. वर कोरडी पानं, त्याखाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली, मग पानांना पानं शिवणारे बुरशीचे पांढरे धागे, आणि त्याखाली चहापत्तीसारखी रवाळ काळपट माती, बारीक मुळ्यांनी भरलेली. पाणी इथेच मुरतं. पण राखणं म्हणजे नुसतं सोडून देणं नव्हे. वणवा लागला की पातेऱ्यातला नत्र धुरात जातो, आणि राखेतलं पालाश-चुना पहिल्या जोरदार पावसात ओहोळाला लागतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढावीच लागते, आणि तिला मजुरी पडते. उत्पन्न म्हणाल तर रातांबे, शिकेकाई, झाडांवर चढवलेली मिरी. घर चालण्याइतकं नाही, हे आधीच सांगून टाकतो. संगमेश्वर भागात काही मालकांनी रान न तोडण्याच्या बदल्यात मोबदला घेण्याचे करार केले आहेत. तुमच्या गावात तशी सोय आहे का, हे विचारायला हरकत नाही.

तोडीचा पर्याय ऐकायला सगळ्यात वाईट वाटतो, पण मातीच्या हिशेबात तो शेवटचा नाही. कुऱ्हाडीने किंवा करवतीने झाड तोडून बुंधा ठेवला, तर ऐन-किंजळ पुन्हा फुटतात, मुळं जिवंत राहतात आणि माती धरून ठेवतात. घोटाळा होतो तो तोडीचं चक्र आखडल्यावर. आठ-दहा वर्षांत पुन्हा कंत्राटदार आला, वर लाकूड ओढायला ट्रकचा रस्ता खणला आणि उरलेल्या फांद्या पेटवल्या, की दर फेरीला रान खुजं होत जातं. तोडायचंच असेल तर पट्ट्यापट्ट्याने, आणि पंधरा वर्षांच्या आत पुन्हा नाही.

काजूचा प्रश्न झाडापेक्षा लावणीच्या पद्धतीचा आहे. 1990 नंतर रोजगार हमीतल्या फळबाग योजनेने कोकणात काजू डोंगरावर चढला, आणि वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ही कलमं चांगलीच आहेत. सात-सात मीटरवर खड्डे मारून, मधली झुडपं ठेवून, उताराला आडवे अर्धचंद्राकृती बांध घालून बाग केली तर माती टिकते. जेसीबीने डोंगर सोलून बुंधे उपटले, तर मुरूम वर आणि काळी माती भरावाच्या पोटात. त्यात उपटलेल्या झाडांची तुटून राहिलेली मुळं कुजायला काही वर्षं लागतात. त्यामुळे उतार कमकुवत होतो तो त्याच पावसाळ्यात नव्हे, तीन-चार वर्षांनी, जेव्हा कंत्राटदाराचा फोनही लागत नसतो. दुसरी खोड तणनाशकाची. पडलेली बी वेचायला जमीन स्वच्छ हवी, हे खरं. पण त्यासाठी हिवाळ्यात बेणणी करून, म्हणजे तण कापून, ते गवत झाडाच्या बुंध्याशी अंथरता येतं. फवारून लखलखीत केलेली बाग मला बघवत नाही.

रबर उतारावर पायऱ्या खणून लावतात, आणि उभ्या उतारावर ती पहिली तीन-चार वर्षं फार महागात पडतात. प्युरेरियासारखं वेलीचं आच्छादन पेरलं नाही, तर माती सरळ ओढ्यात जाते. पण एकदा झाडांचे शेंडे जुळून सलग सावली झाली की पंचवीसेक वर्षं जमीन पुन्हा खणली जात नाही आणि दर हिवाळ्यात पानगळ होते. नीट केलेलं रबर तणनाशकावर जगणाऱ्या काजूपेक्षा मातीला बरं, हे माझं मत अनेकांना रुचत नाही. म्हणून उभं रान तोडून रबर लावा, असा त्याचा अर्थ नाही. भावाचंही बघा: 2011 मध्ये किलोला 200 रुपयांच्या वर गेलेलं रबर 2016 च्या सुरुवातीला 100 च्या खाली आलं होतं. चीक मिळायला सातवं वर्ष उजाडतं.

ऑस्ट्रेलियन बाभूळ नव्याने लावू नका. नत्र वाढवते, पण तिची चामड्यासारखी पानं लवकर कुजत नाहीत, खाली फारसं काही उगवू देत नाहीत आणि वणव्याला आयतं जळण होतात. आधीच असेल तर विरळ करून मधे ऐन, जांभूळ येऊ द्या.

ठरवण्याआधी एक चाचणी घरी जमते. दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा दोन बोटं जमिनीत दाबा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि घड्याळ लावा. आपल्या रानात, शेजारच्या काजूत आणि जेसीबी फिरलेल्या जागेत, तिन्हीकडे एकाच दिवशी करा. ते पाणी मुरायला लागणारा वेळ कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतो.

आणि विसार घेण्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. तिथे ‘खासगी वन’ अशी नोंद असेल तर 1975 च्या कायद्याने बरेचसे पर्याय आधीच बंद झालेले असतात. दोडामार्ग तालुक्यात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातलेली आहे. ‘सगळं मॅनेज होतं’ म्हणणारा माणूस सही मात्र तुमचीच घेतो.