मोर्स: तक्ता पाठ करावा की कानाने शिकावं?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या आवाजांनी संदेश पाठवायच्या लिपीची, हौस लागलेली पोरं बहुधा तक्त्यापासूनच सुरुवात करतात. टिंब-रेघांचा कागद भिंतीवर लावला की पाठांतर सुरू. खर्च काही नाही, अक्षरं लिहिताही लवकर येतात. पण खरा संदेश कानावर पडला की गाडी अडते. आवाज ऐका, टिंबं मोजा, मग तक्ता आठवा. तोवर पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात.

दुसरी वाट लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, 1930 च्या दशकातली. आधी फक्त दोन अक्षरं, बहुतेक ठिकाणी 'के' आणि 'एम', तीही मिनिटाला साधारण 20 शब्दांच्या वेगात. शंभरात नव्वद बरोबर आली की तिसरं. 'के' म्हणजे 'डा-डिट-डा' (रेघ-टिंब-रेघ) हा अख्खा ठेका. मोजायला वेळच मिळत नाही, आणि तेच हवं असतं. झेपत नसेल तर अक्षरांमधली जागा वाढवा, अक्षर मात्र संथ करू नका. एकदा मोजायची खोड लागली की सुटता सुटत नाही.

मी कॉखच्या बाजूने आहे. रात्रीच्या लाईनवर ओलित करताना बांधावर बसून मोबाईलवर सराव होतो. बरीच अ‍ॅप रेंजशिवाय चालतात. अंधारात तक्ता काय दिसणार? धीर मात्र लागतो, सुरुवातीला हाती मोजकीच अक्षरं येतात.

तक्ता लागतो तो पाठवायला शिकताना: रेघ टिंबाच्या तिप्पट, दोन अक्षरांत 3 टिंबांची जागा, दोन शब्दांत 7 टिंबांची. हे कागदावर चटकन समजतं.