पादोव्हाचं स्क्रोवेन्यी चॅपल: वेळ कमी पण पैसा वसूल

इटलीला जाणारे आपले लोक रोम-व्हेनिस करून परत येतात, पादोव्हाला कोणी उतरत नाही. व्हेनिसहून ट्रेनने अर्धा-पाऊण तास फक्त. चित्रं काढत असाल तर उतराच भो. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते सांगतो.

चॅपलचं, म्हणजे त्या छोट्या चर्चचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढा, ऐनवेळी मिळेल या भरवशावर जाऊ नका. बॅग बाहेर जमा करायची, मग एका बंद काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, म्हणजे आपल्यासोबतची धूळ आणि दमट हवा आत जायला नको, आणि त्यानंतर आत जेमतेम तेवढाच वेळ मिळतो. अर्धा स्टार या कमी वेळापायीच गेला.

आत वर निळं छत, त्यावर सोनेरी तारे, आणि भिंतीभर जोत्तो या जुन्या इटालियन चित्रकाराची चित्रं. काम १३०५ च्या सुमाराचं. पैसा लावला एन्रिको स्क्रोवेन्यीने, त्याचा बाप सावकार, कवी दान्तेने आपल्या काव्यात त्या बापाला थेट नरकात बसवलाय. इकडे दारावरच्या भिंतीवर मात्र जोत्तोने पोराला चॅपल अर्पण करताना पुण्यवानांच्या बाजूला रंगवलाय. शेवटी गिऱ्हाईक आहे, काय करणार!

मी अडकलो ते येशूच्या प्रेताभोवती सगळे रडतायत त्या चित्राशी. पुढे दोन बाया आपल्याकडे पाठ करून बसल्यात, तोंड दिसतच नाही, मयतीच्या घरी बसलेल्या आपल्याकडच्या बायांसारख्या, नुसत्या पाठीवरून कळतं काय झालंय ते. मेरीच्या अंगावरचा निळा बराच उडालाय. बाकी रंग ओल्या गिलाव्यावर, एका दिवसात जेवढं होईल तेवढाच गिलावा लावायचा, त्याचे जोड नीट बघितले तर दिसतात, पण निळा नंतर कोरड्यावर लावायचे म्हणून तो टिकला नाही.

आणि आपल्या अजिंठ्यात तर सगळंच काम कोरड्या गिलाव्यावर, माती-भुसा घातलेला. त्यात १९२० ते २२ मध्ये निजामाने इटलीहूनच माणसं बोलावली, लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा जोडीदार, त्यांनी चित्रांवर शेलॅक म्हणजे लाखेचं वार्निश मारलं, ते पुढे पिवळं पडून काळवंडलं. हेतू चांगलाच होता म्हणा. पण जळगावहून पोरांना घेऊन वर्षानुवर्षं अजिंठ्याला जाणाऱ्या माझ्यासारख्याला ती काचेची खोली अजिबात जाचक वाटली नाही, उलट हेवाच वाटला.

जमलं तर लागोपाठ दोन स्लॉट बुक करा, छोटी दुर्बीण ठेवा, वरच्या रांगेतले चेहरे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. जेवणाचं विचारू नका, स्टेशनजवळ एका ठिकाणी खाल्लेला पास्ता इतका मिळमिळीत होता की शेवभाजी आठवली. पेद्रोक्की कॅफेची पुदिन्याची कॉफी मात्र घ्या, १८३१ पासूनचं कॅफे आहे, महाग आहे पण बसून स्केच करायला एक नंबर.