ऊस वाढला तसा सिग्नल पडला: नदीवरच्या मोटरीवर लोरा रेडिओचे नऊ महिने

आमची मोटर कृष्णेवर, घर गावात. मधे सरळ रेषेत पावणेदोन किलोमीटर आणि जवळजवळ सगळा ऊस. थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की आण्णा दोन-तीनदा उठून बॅटरी घेऊन नदीला जायचे, लाईट आली का आणि मोटर चालू आहे का एवढंच बघायला. वय सत्तरीला टेकलेलं, वाट ओढ्यातून. काठाला मोबाईलची रेंज धड नाही, त्यामुळे सिमकार्डवाला स्टार्टर लावून काढून टाकावा लागला. जुलैत उसाची आडसाली लागण झाली आणि मी लोरा बसवला, म्हणजे कमी ताकदीत लांबवर थोडी माहिती पाठवणारा रेडिओ. आता मार्च संपत आलाय.

त्याआधी 433 मेगाहर्ट्झची सगळ्यात स्वस्त ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी वापरून बघितली होती. तिची पद्धत साधी: 1 पाठवायचा तर लहर चालू, 0 असेल तर बंद. अडचण अशी की लहर बंद असते तेव्हा रिसीव्हर आपोआप कान टवकारतो आणि हवेतल्या खरखरीलाच 1 आणि 0 समजायला लागतो. दीडशे मीटरच्या पुढं काहीच हाती लागलं नाही.

लोरा वेगळ्या तऱ्हेनं बोलतो. उन्हाळ्यात कोकिळाची तान खालून वर चढत जाते, ट्रॅक्टरच्या आवाजातही ती कानाला ओळखू येते. लोराची लहर अशीच 125 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खालून वर चढते, टोकाला पोचली की परत तळापासून. चढण कुठून सुरू केली, त्या जागेत माहिती असते. स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे तान किती लांब ते ठरवणारा आकडा, 7 ठेवला तर सुरुवातीच्या जागा 128, म्हणजे एका तानेत 7 बिट (1 किंवा 0 चे आकडे). 12 ठेवला तर जागा 4096, बिट 12, पण तान 1 मिलिसेकंदाऐवजी जवळपास 33 मिलिसेकंद चालते. रिसीव्हर त्या तानेला उलट उतरणारी तान लावतो. मग पट्टाभर पसरलेली ताकद एका जागी गोळा होते, खरखर मात्र पसरलेलीच राहते.

जुलैत 7 वर सगळं छान चाललं. दर 5 मिनिटांनी माहितीचं एक पॅकेट, दिवसाला 288, त्यातली 285-286 घरी पोचायची. पॅकेट 12 बाइटचं: तिन्ही फेजचे व्होल्टेज, मोटरीचा करंट, एक अनुक्रमांक आणि एकदोन खुणा. आधी मी हेच शब्दांत लिहून साठेक अक्षरं पाठवत होते, ती चूक होती. अनुक्रमांक मात्र प्रत्येकानं टाकावाच, त्याशिवाय किती हरवतात ते कळत नाही.

सिग्नल खरखरीच्या 5 डेसिबल (ताकदीच्या तुलनेचं माप) वर होता. पाऊस लागला, पानं ओली झाली, तसा तो खरखरीच्या खाली गेला. नोव्हेंबरात ऊस अँटेनाच्या वर गेला आणि आकडा उणे 9 वर आला. 7 ला उणे साडेसातपर्यंतच ऐकू येतं. दिवसाची निम्मी पॅकेटं गळायला लागली.

तेव्हा 10 वर गेले. त्याला उणे 15 पर्यंत चालतं, म्हणजे खरखर सिग्नलच्या 32 पट असली तरी. हे वाचून पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता. पण गणितज्ञ क्लॉड शॅनननं 1948 सालीच याचा हिशोब मांडून ठेवलाय. 125 किलोहर्ट्झचा पट्टा आणि उणे 15 डेसिबल त्यात घातले तर सेकंदाला साधारण 5,600 बिटची कमाल मर्यादा येते. 10 वर आपण हजाराच्याही आत पाठवतो, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत आहोत. लांबवर ऐकू जायचं तर ओरडायलाच पाहिजे असं नाही, सावकाश बोललं तरी जमतं, हे मला आमच्या उसानं शिकवलं. किंमत वेळेची: तेच 12 बाइट 7 वर 41 मिलिसेकंदात जायचे, 10 वर 289 लागतात. 12 वर तर सेकंदापेक्षाही थोडा जास्त. दोन-तीन शेजाऱ्यांनी असं यंत्र लावलं तर कुणी उगाच 12 वर बसू नये. 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडं विनापरवाना मोकळा आहे, तो सगळ्यांचा आहे.

पट्टा 31 किलोहर्ट्झवर आणून आणखी लांब जाता येईल म्हणून एक आठवडा घालवला. घरात चाललं, नदीवर नाही. पत्र्याच्या पेटीत दुपारी रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तापतो, फ्रिक्वेन्सी सरकते आणि इतक्या अरुंद पट्ट्यात दोन्ही टोकांचा मेळ बसत नाही. साध्या मॉड्यूलवर तो नाद करू नका.

खरा फरक जानेवारीत पडला. वीस फुटी जीआय पाईप उभा केला. रेडिओ खाली ठेवून वर केबल न्यायची नाही; साध्या आरजी-58 केबलीच्या सहा मीटरमध्ये निम्मी ताकद जाते. रेडिओची पेटीच वर बांधली. अँटेना लहरीच्या पाव लांबीची, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरची तार. आकडा उणे 9 वरून उणे 3 वर आला.

एक दोष शोधायला मात्र मला महिना लागला. मोटर सुरू झाल्याचंच पॅकेट नेमकं हरवायचं. कारण स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटरीला लाईट जोडणारा स्विच) बसताना ठिणगी उडते आणि त्याच क्षणी मी पाठवत होते. आता 10 सेकंद थांबून, तीनदा, वेगवेगळ्या अंतरानं पाठवते. सीआरसी तपासणी (पॅकेट वाटेत बिघडलं का ते बघणारी) मधे चाचणीसाठी बंद केली होती, तेव्हा एका फेजला 6,000 व्होल्ट दिसले आणि आण्णा चप्पल घालून निघाले होते. ती कधीही बंद करू नका.

मोटर बंद-चालू करायचं काम मी याच्यावर सोपवलेलं नाही. नुसतं बघायला, दोन्ही मॉड्यूल मिळून दीड हजारांच्या आत, मी परत हेच घेईन.

ऊस पुढच्या हंगामात तुटेल, तोवर 10 वरच ठेवणार. सध्या रात्रपाळी आहे. काल पावणेतीनला बझर वाजला. "लाईट आली का बघ गं," आण्णा म्हणाले. तिन्ही फेज, मोटर चालू, करंट बरोबर. मी आकडे वाचून दाखवले, ते कूस बदलून झोपले.