टेलफेअर आणि लिव्हिंगस्टन: २००४ चे दोन शाळकरी पॉइंट गार्ड

२००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, शॉन लिव्हिंगस्टन आणि सेबॅस्टियन टेलफेअर हे दोघे पॉइंट गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारे खेळाडू) कॉलेजला न जाता थेट एनबीएत, अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, आले. गाजावाजा टेलफेअरचा जास्त होता. ब्रुकलिनच्या कोनी आयलंडचा पोरगा, एनबीए खेळाडू स्टीफन मार्बरीचा नात्यातला भाऊ, शाळेत असतानाच आदिदासचा करार. पोर्टलँडने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. पण उंची जेमतेम सहा फूट, लांबून नेम कच्चा; मग संघ बदलत राहिले आणि पुढे तो चीनमध्ये खेळायला गेला.

इलिनॉयमधल्या पिओरियाचा सहा फूट सात इंची लिव्हिंगस्टन चौथ्या क्रमांकावर क्लिपर्स संघाकडे गेला. २६ फेब्रुवारी २००७ ला एका साध्या ले-अपनंतर (बास्केटजवळ जाऊन उडी घेत मारलेल्या फटक्यानंतर) तो पडला आणि डावा गुडघा अक्षरशः निखळला. पाय कापावा लागेल अशी भीती होती! तो पुन्हा चालायला शिकला, संघामागून संघ फिरला आणि गोल्डन स्टेट संघाकडून २०१५, २०१७, २०१८ अशी तीन विजेतेपदं जिंकला.

लांबून मारायचा तीन गुणांचा फटका त्याच्याकडेही नव्हता. पण उंचीच्या जोरावर ठेंगण्या गार्डच्या डोक्यावरून तो शांतपणे मधल्या अंतराचा फटका मारायचा. टेलफेअरला ती सोय नव्हती, आणि मला त्याच्याबद्दल आजही हळहळ वाटते.