कवींचा पत्रव्यवहार: माणसानुसार लावायचा की तारखेनुसार?

सदाशिव पेठेतलं जुनं बिऱ्हाड हलवताना माळ्यावरच्या ट्रंकेत सुतळीने बांधलेले गठ्ठे निघतात. साठ-सत्तरच्या दशकात अनियतकालिकं (ठरावीक मुदत न पाळता निघणारे छोटे अंक) काढणाऱ्या कवींची पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं, पाचसहा जाड पाकिटं. चाळून झाल्यावर कुणीतरी म्हणतं, याचं पुस्तक व्हायला हवं. मग संपादनाला बसलेल्या माणसापुढे पहिलाच प्रश्न येतो. एकेका मित्राचा विभाग करायचा, की सगळ्यांची पत्रं एकत्र मिसळून तारखेने लावायची?

आधी एक गोष्ट, दोन्ही पद्धतींना लागू असलेली. मूळ गठ्ठे फोडू नका. ज्या क्रमाने पत्रं निघाली त्याच क्रमाने कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक आकडे टाका आणि पुढची सगळी उलथापालथ नोंदवहीत किंवा संगणकावर करा. बांधणाऱ्याने ती काहीतरी विचाराने बांधलेली असतात. तो विचार तुम्हाला आज कळला नाही तरी सहा महिन्यांनी कळण्याची शक्यता असते, पण गठ्ठा फुटला की तो गेलाच. पत्रासोबत कवितेचा खर्डा असेल तर पत्राला ४७ आणि खर्ड्याला ४७अ द्या. ‘कविता’ म्हणून वेगळी फाइल करण्याचा मोह हमखास होतो आणि हमखास नडतो: ‘सोबतची वाच, शेवट पटत नाहीये’ असं पत्र हातात उरतं आणि सोबतची कुठली ते कळत नाही. असे ताटातूट झालेले कागद जुळवायचे तर टाचणीची भोकं बघा. गंजलेल्या टाचणीची दोन भोकं आणि त्यांच्याभोवतीचा तपकिरी डाग दोन्ही कागदांवर एकाच जागी, एकाच अंतरावर असतो. घडीच्या रेघाही जुळतात.

आता तुलना.

माणसानुसार लावलेलं पुस्तक वाचायला सोपं. एक आवाज, एक नातं. ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर, ‘तुम्ही’वरून ‘अरे’वर आलेला मायना पंधरा पत्रांत डोळ्यांसमोर बदलतो. भाषेची सरमिसळही होत नाही. हे वर्तुळ दुभाषिक होतं. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहीत, आणि अलाहाबादहून अनियतकालिक काढणाऱ्या अरविंद कृष्ण मेहरोत्रांसारख्या अमराठी कवीशी बोलणं इंग्रजीतच व्हायचं. मित्राचा विभाग केला की इंग्रजी पत्रं आपोआप एकत्र येतात आणि एकाच अनुवादकाकडे सोपवता येतात.

पण या मांडणीत एक मोठी फसगत आहे. एकाच शहरातले मित्र एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात दर गुरुवारी टेबल धरून बसणाऱ्यांनी एकमेकांना पोस्टकार्ड कशाला टाकायचं? पत्रं वाढतात ती कुणी बाहेर गेलं की. चित्रे १९६० ते ६३ इथिओपियात शिकवत होते, ७५ ते ७७ अमेरिकेत आयोवात होते. अशा माणसाचा विभाग वाचला तर तीन वर्षं गळ्यात गळा, मग बारा वर्षं सामसूम, मग पुन्हा पत्रंच पत्रं. नवखा वाचक म्हणतो, मधे बिनसलं असणार. प्रत्यक्षात त्या बारा वर्षांतच ते रोज भेटत असतील! पत्र नाही म्हणजे मैत्री नाही, हा निष्कर्ष माणसानुसार मांडणी न सांगता वाचकाच्या गळी उतरवते.

तारखेनुसार लावलं की ही सामसूम आजूबाजूच्या पत्रांनी भरून निघते. ‘काल अमुक आला होता, रात्री दोनपर्यंत बसलो’ हे तिसऱ्यालाच लिहिलेलं असतं. वर्तुळ वर्तुळासारखं दिसतं. १९६९ साली मुंबईत ‘सत्यकथा’ या साहित्यिक मासिकाचा अंक जाळला गेला. माणसानुसार पुस्तकात या घटनेचे पडसाद चार विभागांत विखुरतात आणि तीच तळटीप चारदा द्यावी लागते. तारखेनुसार ती एकदाच येते, आणि कोण तावातावाने लिहितोय, कोण गप्प राहिलाय, हे शेजारी-शेजारी दिसतं.

याची किंमत भरावी लागते ती तारखांमध्ये. माणसानुसार मांडणीत दहा-वीस बिनतारखेची पत्रं विभागाच्या शेवटी ढकलून निभावतं. तारखेनुसार मांडणीत प्रत्येक पत्राला जागा द्यावीच लागते, आणि कवी तारीख घालायच्या बाबतीत आळशी. म्हणून ही पद्धत घेणाऱ्याने पुढच्या खुणा पाठ कराव्यात.

पोस्टाचा शिक्का आधी. पाठवणाऱ्या टपालघराचा फिसकटला असेल तर पत्र पोचल्याचा दुसरा शिक्का शोधा, बहुधा मागच्या बाजूला. टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडला की शाई उडालेला शिक्काही उमटतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. पत्त्यात ४११०३० असेल तर पत्र त्याआधीचं नाही. पण नुसतं ‘पुणे ३०’ असेल तर ते त्याआधीचंच, असं मात्र म्हणता येत नाही. लोक पुढेही कित्येक वर्षं तसंच लिहीत राहिले. तिकिटावरच्या ‘नये पैसे’चंही तेच: १ एप्रिल १९५७च्या आधीचं नाही एवढंच ठरतं, कारण ‘नये’ हा शब्द १९६४ साली गेला तरी घरातली उरलेली तिकिटं लोकांनी चिकटवलीच.

वार आणि तारीख दिली असेल, साल-महिना नसेल, तर जुनी कॅलेंडरं काढा. समजा वर ‘मंगळवार, १४’ एवढंच आहे आणि मजकुरावरून साल ६५ ते ६७ मधलं वाटतंय. १९६५ मध्ये मंगळवारी १४ तारीख सप्टेंबर आणि डिसेंबरात आली, १९६६ मध्ये फक्त जूनमध्ये, १९६७ मध्ये फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबरात. सहाच शक्यता. मजकुरात ‘पावसाचा पत्ता नाही’ असेल तर जून ६६कडे कल जातो. नोंद चौकोनी कंसात, प्रश्नचिन्हासह: [१४ जून १९६६?]. ते प्रश्नचिन्ह छपाईत गाळू नका. एका चुकीच्या खात्रीवर पुढची पाच पत्रं चुकीच्या जागी बसतात.

पुण्याच्या पत्रांना आणखी काही खुंट्या आहेत. पालखी येऊन गेल्याचा उल्लेख असला की साल ठरल्यावर पंचांगातून आठवडा काढता येतो. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप. मे १९७४चा रेल्वे संप, ज्याने टपाल रखडलं. त्या महिन्यात लिहिल्याची तारीख आणि पोचल्याचा शिक्का यांत मोठं अंतर दिसलं तर दचकू नका. आणि १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्या माणसाच्या गठ्ठ्यात त्याआधीचं काहीच नसेल तर त्याचं कारण साहित्यिक नसून पाण्याचं असू शकतं. उरलेल्या कागदांवर कडेने चढलेली मातकट रेघ बघा.

कामाचा अंदाज. एका पत्राची पूर्ण नोंद (कुणाचं, कुणाला, कुठून, लिहिलेली तारीख, काढलेली तारीख आणि ती कशावरून, भाषा, सोबतचे कागद) करायला पंधरा मिनिटं धरा. तीनशे पत्रांना पंचाहत्तर तास. तारखेनुसार जायचं तर बिनतारखेच्या प्रत्येक पत्राला वर तासभर. साठ पत्रं तशी निघाली तर काम जवळपास दुप्पट झालं. प्रकाशकाला दिवाळीला पुस्तक हवं असेल आणि आज जुलै असेल, तर हा हिशेब आधी त्याच्यापुढे ठेवा.

मग निवड कशी करायची? निम्म्याहून जास्त पत्रं एकाच जोडीची असतील आणि दोन्ही बाजूंची असतील, तर माणसानुसार लावा, किंवा सरळ त्या दोघांचंच पुस्तक करा. एकाच बाजूची असतील, म्हणजे आलेली आहेत पण गेलेली दुसऱ्यांच्या घरी, तर आमचं मत तारखेनुसार. एकतर्फी विभाग फोनवरचं अर्धं बोलणं ऐकल्यासारखा वाचला जातो. मिसळल्यावर ते खटकत नाही. अर्थात खटकत नाही हीच त्यातली लबाडी, तेव्हा गेलेली पत्रं मिळालेली नाहीत हे प्रस्तावनेत ठळकपणे लिहा. सहासात जणांचं टोळकं असेल तर तारखेनुसारच, आणि शेवटी व्यक्तिसूची. काही संपादक माणसानुसार विभाग करून शेवटी सालवार तक्ता जोडतात; तो तक्ता कुणी उघडत नाही.

परवानगीला दोन्हींत तेवढाच त्रास. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. फरक इतकाच, की एखाद्या वारसाने नकार दिला तर माणसानुसार पुस्तकातून एक विभाग सलग निघतो; तारखेनुसार पुस्तकाला जागोजागी भोकं पडतात आणि तळटिपांचे संदर्भ तुटतात. म्हणून तारखेनुसार जाणार असाल तर लेखी परवानग्या जुळणीला बसण्याआधी घ्या.

अजूनही ठरत नसेल तर सगळ्यात दाट तीन महिन्यांतली तीस पत्रं टाइप करा आणि दोन्ही क्रमांनी दोन प्रती काढा. यांतल्या कुणालाही न ओळखणाऱ्या दोन वाचकांना एकेक प्रत द्या. जिथे ‘हा कोण?’ असा प्रश्न पडेल तिथे समासात फुली मारायला सांगा. तारखेनुसार प्रतीत फुल्या जास्त येणारच. त्या पहिल्या दहा पत्रांतच गोळा झाल्या तर सुरुवातीला दोन पानांचा व्यक्तिपरिचय पुरतो. शेवटच्या पानापर्यंत येत राहिल्या, तर विभाग पाडा.