मॅकशूफ: नाव स्कॉटिश, बोलतं बेल्जियन यीस्ट

लेबलवर टोपीवाला बुटका, नावात स्कॉटिश 'मॅक', आणि बाटली येते बेल्जियमच्या आर्डेन भागातल्या अशूफ गावातून. मॅकशूफ ही ८ टक्के अल्कोहोलची, न गाळलेली, बाटलीत पुन्हा आंबवलेली गडद एल प्रकारची बिअर आहे. नाव वाचून कोणी दाट, गोड स्कॉच एलच्या अपेक्षेने पहिला घोट घेतला तर तो गोंधळेल. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, बाज स्कॉटिश वळणाचा असला तरी चव ठरवतं ते यीस्टच.

फरक नेमका कुठे पडतो ते आधी पाहू. कडक स्कॉच एल, म्हणजे 'वी हेवी', कमी तापमानाला सावकाश आंबवतात. यीस्ट फारसं बोलत नाही आणि बरीच साखर मागे उरते, त्यामुळे आंबवणं संपल्यावरची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०१८ ते १.०४० इतकी राहते. गडद, कडक बेल्जियन एलमध्ये ती १.०१० ते १.०२४ पर्यंत उतरते. तिथले बरेच ब्रुअर कँडी साखर घालतात. ती यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, अल्कोहोल वाढतं आणि अंग मात्र हलकं राहतं. शिवाय जरा उबेत आंबवल्याने केळं, मनुका, लवंग असे वास तयार होतात. मॅकशूफ या दोन टोकांमध्ये आहे, पण झुकते बेल्जियमकडे.

स्कॉटलंड आणि बेल्जियमच्या बिअरचं हे नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या मोर्टगाट या ब्रुअर घराण्यातला आल्बर्ट स्कॉटलंडहून यीस्ट घेऊन आला आणि त्यातूनच पुढे डुव्हेल ही बिअर घडली. पिएर गोब्रों आणि ख्रिस बाउवरार्ट्स या दोघा मेव्हण्यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली अशूफ ब्रुअरी २००६ पासून त्याच घराण्याच्या डुव्हेल मोर्टगाट कंपनीकडे आहे.

आता ग्लास. ट्युलिपच्या आकाराचा, वर किंचित आत वळलेला घ्यावा, कारण या बिअरचं निम्मं सुख वासात आहे. बाटली किमान एक दिवस उभी ठेवून गाळ तळाशी बसू द्यावा. ग्लास तिरका धरून सावकाश ओतावं, शेवटी सरळ करावा, आणि बाटलीत बोटभर बिअर राहिली की थांबावं. रंग तपकिरी, उजेडासमोर धरला की कडेला तांबूस झाक. फेस मळकट पांढरा, साईसारखा दाट. तो खाली बसताना काचेवर जाळी सोडत गेला तर ग्लास स्वच्छ आहे असं समजावं. तेलकट किंवा साबणाचा अंश राहिलेल्या ग्लासात हाच फेस मिनिटभरात मरतो आणि दोष बिअरला लागतो.

वासात आधी टॉफी आणि ज्येष्ठमध, त्यामागून बडीशेपेसारखी गोडसर झुळूक, मग काळ्या मनुका. घोट घेतल्यावर जिभेच्या टोकाला काकवीची आठवण होते, पण गोडी तिथे रेंगाळत नाही. बुडबुडे ती उचलून पुढे नेतात, मध्यावर मसालेदारपणा येतो आणि शेवट कोरडा, हलका कडू होतो. गोडीला वेळेवर आवर घालणं हेच या बिअरचं खरं कसब आहे. आठ टक्के असूनही घसा जळत नाही, फक्त गिळल्यावर छातीत मंद ऊब पसरते. पिटचा, म्हणजे काही व्हिस्कींचं माल्ट सुकवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा, धूर कोणी शोधत असेल तर तो इथे नाही. स्कॉच एलमध्येही धुरावलेलं माल्ट परंपरेने नसतंच; तो व्हिस्कीवरून झालेला गैरसमज आहे.

सगळ्यात जास्त बिघाड तापमानाने होतो. ४ अंशांना प्यायली तर वास बंद, फक्त कडवटपणा आणि गॅस. १८ अंशांच्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतं आणि गोडी चिकट लागते. १० ते १२ अंश सेल्सिअस नेमकं. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं थांबणं पुरतं. गरम बाटली हलवून लगेच उघडली तर फेस उसळतो आणि गाळही ढवळून वर येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती हवेने झालेली खराबी, बहुधा उबेत साठवल्याने आणखी वाढलेली. त्या बाटलीवरून बिअरची परीक्षा करू नये.

खाण्याबरोबर फ्लेमिश कार्बोनाद, म्हणजे गडद बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस, छान जमतं. कांद्याची गोडी आणि टॉफी एकमेकांना धरतात. फार तिखटाबरोबर मात्र अल्कोहोल टोचतं.

ज्यांना माल्टची दाट गोडीच हवी, त्यांनी बेल्जियमचीच स्कॉच सिली ही बिअर घ्यावी. ती जास्त गोड, जास्त गोलाईची आहे. मॅकशूफमध्ये खटकतं ते एवढंच की माल्टची खोली यीस्टच्या मसाल्याखाली कधीकधी दबते. तरीही स्कॉटिश आणि बेल्जियन या दोन्ही घराण्यांची ओळख एकाच ग्लासात करून घ्यायची तर आमची पसंती हिलाच. अर्धा ग्लास संपल्यावर बाटलीतला उरलेला गाळ हलकेच फिरवून त्यात ओतून पाहावा: रंग गढूळ होतो, कडवटपणा बोथट होतो आणि पावाच्या पिठासारखी एक नवीच चव वर येते.